कुदळ आणि घर

(द्वितीय वर्ष, कला)

एकपक्षीय राज्यातली निवडणूक हा विषय निघाला की आपल्याकडे हसण्याची पद्धत आहे. आखाड्यात एकच पैलवान उतरणार, शड्डू तोच ठोकणार आणि मानाचा फेटाही तोच बांधून घेणार, ही कुस्ती कसली? आमच्या वर्गात राज्यशास्त्राच्या तासाला सोव्हिएट रशियाचे आकडे फळ्यावर आले तेव्हाही असेच हसू झाले. आकडे हसण्यासारखे आहेतच. १२ डिसेंबर १९३७ रोजी नव्या राज्यघटनेप्रमाणे सर्वोच्च सोव्हिएटची पहिली निवडणूक झाली. जागा एक, उमेदवारही एक. मतपत्रिकेवरचे नाव पसंत नसेल तर ते खोडायचे, पसंत असेल तर काहीही न करता कागद पेटीत टाकायचा. म्हणजे होकार द्यायला हात हलवावा लागत नव्हता, नकार द्यायला मात्र पडद्याआड जावे लागत होते, आणि पडद्याआड कोण गेले हे बाहेर बसलेल्यांना नीट दिसत होते. असल्या मतदानात शंभरातले नव्याण्णव होकार मिळाले तर त्यात नवल ते काय!

परंतु रशियाला हसून आपण हा विषय फार स्वस्तात सोडतो, असे मला वाटते. खोट्या नाण्याला खोटे म्हणायला सोनार लागत नाही. ज्या देशाने एकच पक्ष ठेवला आणि तरीही निवडणूक खरी व्हावी म्हणून प्रामाणिकपणे धडपड केली, तो देश तपासला पाहिजे. असा देश म्हणजे पूर्व आफ्रिकेतला टांझानिया. तिथे १९६५ ते १९९० या काळात दर पाच वर्षांनी संसदेच्या निवडणुका झाल्या, पक्ष एकच होता, आणि त्या निवडणुकांत मंत्री पडत असत. होय, सत्ताधारी पक्षाचे मंत्री, त्याच पक्षाच्या माणसाकडून! हे वाचले तेव्हा मी पान उलटून पुन्हा मागे गेले.

गोष्ट सुरू होते ती स्वातंत्र्याच्या आधीपासून. मुख्य भूमीवरच्या देशाचे नाव तेव्हा टांगानिका होते आणि तिथे इंग्रजांचा अंमल होता. ज्युलियस न्येरेरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली टानू हा पक्ष काढला. पक्ष इतका वाढला, की १९६० च्या ऑगस्टमधल्या निवडणुकीत ७१ पैकी ७० जागा त्यालाच मिळाल्या, आणि जो एक अपक्ष निवडून आला तोही टानूचाच सभासद! ९ डिसेंबर १९६१ रोजी देश स्वतंत्र झाला. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदासाठी निवडणूक झाली, तीत न्येरेरे यांच्याविरुद्ध एक उमेदवार उभा होता. त्याला शंभरातली दोन मतेही पडली नाहीत. तेव्हा कायद्याने इतर पक्षांना बंदी नव्हती. लोकांनीच दुसऱ्या कुणाला जवळ केले नव्हते.

आता यातली खोच पाहा. १९६० च्या त्या ७१ जागांपैकी ५८ ठिकाणी टानूचा उमेदवार बिनविरोध निवडून आला होता. म्हणजे देशातल्या बहुतेक मतदारसंघांत मतदानच झाले नाही. पक्षाने तिकीट दिले की माणूस खासदार झाला. त्याच्याविरुद्ध उभे राहावे तर राष्ट्राच्या चळवळीविरुद्ध उभे राहिल्यासारखे होणार, मग उभे कोण राहतो? अनेक पक्षांची मुभा असूनही मतदाराच्या हाती मत आले नाही. न्येरेरे यांनी याच दुखण्यावर बोट ठेवले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की पक्ष एकच राहणार हे उघडच आहे, तर मग कायद्याने एकच ठेवू, पण प्रत्येक मतदारसंघात त्या पक्षाचे दोन उमेदवार देऊ. म्हणजे निदान कोण हवा, कोण नको, हे तरी लोक सांगतील.

न्येरेरे यांना त्यांचे लोक म्वालिमू म्हणत. म्वालिमू म्हणजे आपल्या भाषेत गुरुजी, आणि ते खरोखरीच शाळेत शिकवीत असत. शेक्सपिअरचे ‘ज्युलियस सीझर’ हे नाटक त्यांनी स्वाहिली भाषेत आणले. ज्युलियसने ज्युलियस सीझर भाषांतरित करावा हा योगायोग मोठा गमतीचा. पण त्याहून मोठा योगायोग म्हणजे एका माणसाच्या हाती सत्ता एकवटली तर काय होते हे सांगणारे ते भाषांतर १९६३ साली बाहेर पडले, आणि त्याच वर्षाच्या जानेवारीत त्यांच्या पक्षाने देशात एकच पक्ष ठेवण्याचा ठराव केला.

त्याच सुमारास त्यांनी लोकशाही आणि पक्षपद्धती यांवर एक पुस्तिका लिहिली. तीतला युक्तिवाद आपल्यासारख्यांनी टाळण्यासारखा नाही. ते म्हणतात, इंग्लंडातले दोन पक्ष दोन वर्गांच्या भांडणातून निघाले. आमच्याकडे ते वर्गच नाहीत, तर मग पक्ष कशाला? मूलभूत मतभेद नसताना दोन पक्ष पाळायचे म्हणजे राजकारणाचा फुटबॉलचा सामना करायचा. आफ्रिकेतले वडीलधारे लोक झाडाखाली बसतात आणि एकमत होईपर्यंत बोलत राहतात, हीच आमची लोकशाही आहे.

झाडाखालच्या या एकमतापाशी मी अडले. कारण ते झाड माझ्या परिचयाचे आहे. आमच्याकडे ते वडाचे आहे आणि त्याच्याखाली मारुतीचा पार आहे. आमच्या गावची ग्रामपंचायत एकदा बिनविरोध झाली. गावात भांडण नको, खर्च नको, बिनविरोध गाव म्हणून चार पैसे निधी जास्त मिळेल, असे पारावर ठरले. सारे चांगल्या हेतूनेच ठरले असेल. पण त्या बैठकीला आमच्या आळीतले कोणी नव्हते, आणि बाई तर गावातली एकही नव्हती. जागा बायकांसाठी राखीव होती म्हणून माझ्या चुलतीचे नाव घातले. ती पंचायतीची सदस्य झाली हे तिला संध्याकाळी चुलत्याला जेवायला वाढताना कळले. सही करण्याचा कागद दुसऱ्या दिवशी आला. त्या वर्षी आणखी एक गोष्ट झाली, ती पारावरच्या कोणाच्या ध्यानातही आली नसेल. पाच वर्षांतून एकदा जी माणसे आमच्या दारात येऊन हात जोडतात आणि “काय अडचण आहे?” असे विचारतात, ती त्या वर्षी आलीच नाहीत. आमच्या आळीला नळ नाही, हे सांगायची आमची ती एकच संधी असते. गावाचे एकमत झाले, पण ते आमच्यावाचून झाले. झाडाखाली एकमत होईपर्यंत बोलतात हे खरे असेल. पण बोलायला कोणाला बसवतात हे न्येरेरे यांच्या पुस्तिकेत स्पष्ट होत नाही.

तरीही गुरुजींशी अन्याय करून चालणार नाही. पारावरच्या लोकांनी निवडणूक टाळली, न्येरेरे यांनी ती घडवून आणली. १९६४ च्या जानेवारीत त्यांनी एक आयोग नेमला. त्याच्यापुढे ‘एकच पक्ष असावा काय’ हा प्रश्न नव्हता, तो सुटलाच होता. ‘एकपक्षीय लोकशाही कशी चालवावी’ एवढेच आयोगाने सांगायचे होते. रशीदी कवावा हे आयोगाचे अध्यक्ष. याच वर्षी एप्रिलमध्ये झांझिबार बेट टांगानिकाला जोडले गेले आणि पुढे टांझानिया हे नाव पडले. आयोगाच्या अहवालावरून १९६५ च्या जुलैत नवी अंतरिम राज्यघटना झाली आणि सप्टेंबरात निवडणूक.

ती निवडणूक अशी. ज्याला उभे राहायचे त्याने पक्षाच्या जिल्हा परिषदेपुढे यायचे. तिथे पक्षाचे प्रतिनिधी मत देऊन पसंतीचा क्रम लावीत. ती यादी पक्षाच्या राष्ट्रीय कार्यकारिणीकडे जाई आणि कार्यकारिणी दोन नावे कायम करी. मग प्रचार, आणि तो प्रचार वाचून आपल्या इथल्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला हेवाच वाटावा. उमेदवाराने स्वतःची सभा घ्यायची नाही, स्वतःचा पैसा खर्च करायचा नाही. सभा पक्ष भरवणार, दोघे उमेदवार एकाच व्यासपीठावर बसणार आणि पाळीपाळीने बोलणार. बोलायचे ते स्वाहिलीत, कारण आपापल्या जमातीच्या बोलीत बोलले की जमातीला हाक घातल्यासारखे होते. वंश, जमात, धर्म यांचा उल्लेख करायचा नाही. ‘न्येरेरे माझ्या पाठीशी आहेत’ असे म्हणायचे नाही. या सगळ्यावर पक्षाने नेमलेली माणसे देखरेख करणार.

आणि चिन्हे दोनच, देशभर तीच. जेंबे आणि न्युम्बा. जेंबे म्हणजे तिकडच्या शेतकऱ्याचे रुंद पात्याचे, कुदळीसारखे अवजार; न्युम्बा म्हणजे घर. एका उमेदवाराला कुदळ, दुसऱ्याला घर. आपल्याकडे पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत निरक्षर मतदारासाठी बैलजोडी, झोपडी अशी चिन्हे आली, त्यातलाच हा विचार. पण आपल्याकडे चिन्ह पक्षाचे असते, तिथे ते नुसते ओळखीपुरते. कुदळीवाल्याचे धोरण आणि घरवाल्याचे धोरण एकच. तरी भाषणांतून चिन्हांवर बरीच कोटीबाजी झाली म्हणतात. कुदळीवाचून पोट भरत नाही, असे एकाने म्हणायचे. दिवसभर कुदळ मारून शेवटी माणूस घरीच येतो ना, असे दुसऱ्याने. ही दोन्ही वाक्ये आमच्या गावच्या सभेतही खपून गेली असती.

निकाल लागले तेव्हा सारे जग चकित झाले. मुख्य भूमीवरच्या १०७ मतदारसंघांपैकी १०१ ठिकाणी लढत झाली होती. १९६० मधल्या त्या ५८ बिनविरोध जागा आठवा, म्हणजे फरक ध्यानात येईल. पुन्हा उभ्या राहून लढत द्याव्या लागलेल्या जुन्या खासदारांपैकी जवळपास निम्मे पडले. दोन मंत्री पडले, अनेक उपमंत्री पडले. अर्थमंत्री पॉल बोमानी हे सहकारी चळवळीतून आलेले मोठे पुढारी, ते आपल्या घरच्या म्वांझा भागात हरले. उलट अमीर जमाल हे गुजराती वंशाचे मंत्री मोरोगोरोमध्ये आफ्रिकी उमेदवाराविरुद्ध मोठ्या फरकाने निवडून आले. काळ्या मतदारांनी आपल्यातल्या माणसाला बाजूला ठेवून परक्या वंशाच्या माणसाला पसंत केले, आणि तेही स्वातंत्र्यानंतर चार वर्षांच्या आत! जातीची गणिते मांडून उमेदवार ठरवणाऱ्या आपल्या पक्षांनी हे दोनदा वाचावे.

तेव्हा एकपक्षीय राज्यातली प्रत्येक निवडणूक नाटक असते, असे सरसकट म्हणता येणार नाही. टांझानियाच्या मतदाराने मत वापरले. जो खासदार राजधानीत जाऊन गावाला विसरला त्याला त्याने घरी बसवले, आणि हे पुढच्या निवडणुकांतही होत राहिले. शेजारच्या केनियात १९८२ साली एकपक्षीय कायदा झाला आणि १९८८ मध्ये सत्ताधारी पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत गुप्त मतदानच काढून टाकले. मतदारांनी उमेदवाराच्या माणसामागे उघड रांग लावायची आणि डोकी मोजायची. रांग लांब असलेला हरला आणि आखूड रांगेवाला जिंकला, अशाही तक्रारी तिथे झाल्या. त्याच्या शेजारी टांझानियाची कुदळ आणि घर कितीतरी सभ्य दिसतात.

मग माझी हरकत काय?

पहिली हरकत लहान आहे, पण बोचणारी आहे. म्वांझाच्या लोकांनी पॉल बोमानींना पाडले, आणि राष्ट्राध्यक्षांनी त्यांना नेमलेला सदस्य म्हणून संसदेत घेऊन पुन्हा मंत्री केले. खाते तेवढे बदलले. बोमानी कर्तबगार असतील, देशाला त्यांची गरज असेल. पण लोकांनी दिलेला निकाल वरून दुरुस्त झाला तो झालाच. संसदेत निवडून आलेल्यांखेरीज नेमलेले आणि पदसिद्ध सदस्यही मोठ्या संख्येने बसत. झांझिबारचे सदस्य तर निवडणुकीवाचूनच येत. आणखी असे, की पक्षाचा सभासद असेल तोच खासदार, म्हणून पक्षाने काढले की खासदारकीही गेली. १९६८ च्या ऑक्टोबरात पक्षाने काही खासदारांना काढले, त्यात सरकारवर सभागृहात टीका करणारेही होते. त्यांना लोकांनी निवडले होते, पण घालवताना लोकांना कोणी विचारले नाही. प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा तर १९६२ पासूनच होता.

राष्ट्राध्यक्षपदाला उमेदवार एकच. मतदाराने होय किंवा नाही म्हणायचे. १९६५ साली न्येरेरे यांना शेकडा ९६ होकार मिळाले. हे होकार मनापासूनचे नव्हते असे मी म्हणत नाही. त्या माणसावर लोकांचे प्रेम होते, आणि ते प्रेम करण्यासारखे होतेही. साधी राहणी, स्वच्छ हात, आणि १९८५ साली आपण होऊन पद सोडणे. त्या काळातल्या आफ्रिकेत आपण होऊन खुर्ची सोडणारे किती निघाले?

दुसरी हरकत मोठी आहे, आणि खरे म्हणजे तिच्याचसाठी हा लेख लिहायला घेतला.

दोघे उमेदवार एकाच पक्षाचे असल्यामुळे धोरणावर वाद घालायची सोय नव्हती. मग प्रचारात बोलायचे काय? रस्ता, विहीर, दवाखाना, सहकारी संस्थेत कापसाला मिळणारा भाव, आणि कोण किती इथला. दोघांतला कोण वरून जास्त आणील, एवढाच प्रश्न. म्हणजे मतदार राज्यकर्ता निवडीत नव्हता, वकील निवडीत होता. न्यायाधीश ठरलेलाच होता. विहिरीपुरते हे चालून जाते. पण देशात विहिरीपेक्षा मोठे निर्णय होत असतात.

१९६७ च्या फेब्रुवारीत पक्षाने अरुशा जाहीरनामा काढला. बँका आणि मोठे कारखाने सरकारी झाले, आणि खेड्यांतून उजामा, म्हणजे एका कुटुंबासारखी सामुदायिक शेती, सुरू करायचे ठरले. विचार उदात्त होता. विखरून राहणारे शेतकरी एका गावात आले तर शाळा, पाणी, दवाखाना देणे सोपे जाईल, यात चूक काय? सुरुवातीला लोकांनी आपखुशीने यावे अशी कल्पना होती. लोक फारसे आले नाहीत. तेव्हा १९७३ साली हुकूम निघाला, की १९७६ अखेरपर्यंत सर्वांनी गावांत राहायला गेलेच पाहिजे. पुढच्या दोन-तीन वर्षांत लक्षावधी शेतकरी हलवले गेले. ट्रक आले, सामान चढवले गेले, माणसे परत जाऊ नयेत म्हणून कित्येक ठिकाणी जुनी घरे पाडली किंवा जाळली गेली. ऐन पेरणीच्या दिवसांत कित्येकांची कसलेली जमीन मागे राहिली. त्यातच पावसाने ओढ दिली, आणि १९७४-७५ मध्ये देशाला परदेशातून मोठ्या प्रमाणावर धान्य आणावे लागले.

आणि १९७५ च्या ऑक्टोबरात निवडणूक झाली. ठरल्याप्रमाणे, शिस्तीत, दोन उमेदवार, दोन चिन्हे.

वाचकहो, तो कागद डोळ्यांसमोर आणा. ज्या शेतकऱ्याचे घर पाडले त्याच्या हातात मतपत्रिका आहे, आणि तिच्यावर घराचे चित्र आहे. ज्याची कुदळ लागलेली जमीन दहा कोसांवर राहिली, त्याच्यापुढे कुदळीचे चित्र आहे. त्याने यांपैकी कशावरही खूण केली तरी त्याला घर परत मिळणार नाही आणि जमीनही नाही. कुदळवाला उमेदवार गावे वसवण्याच्या बाजूचा, घरवालाही त्याच बाजूचा. त्याच्या आयुष्यातला सर्वांत मोठा निर्णय या मतपत्रिकेवर छापलेलाच नव्हता. माणूस निवडण्याचा हक्क त्याला होता, तो खराही होता. पण सरकारला “हे करू नका” असे सांगण्याचा रस्ता त्या हक्कातून निघत नव्हता.

मग नकार कुठे जातो? तो नाहीसा होत नाही, इतके मला शेतकऱ्याच्या घरातली म्हणून कळते. लोक रात्री उठून जुन्या शेतावर परत गेले. सामुदायिक शेतात अंग चोरून काम करू लागले. इरिंगा भागात सामुदायिक शेतीची सक्ती चालली असताना, १९७१ च्या नाताळच्या दिवशी एका शेतकऱ्याने तिथल्या प्रादेशिक आयुक्ताला बंदुकीने मारले, आणि तो फाशी गेला. एक अधिकारी आणि एक शेतकरी असे दोघे गेले. ही गोष्ट मतपेटीत मावली असती की नाही कोण सांगणार? पण मतपेटीत तिला जागाच ठेवलेली नव्हती, हे तर उघड आहे.

इथे कोणी विचारील, आपल्याकडे इतके पक्ष आहेत, म्हणून आपल्या शेतकऱ्याला कोणी न विचारता हलवले नाही काय? धरणाखाली गावे गेली नाहीत काय? गेली. पुनर्वसनाच्या वसाहतीत वाढलेल्या मुली माझ्या वसतिगृहात आहेत. पक्ष पुष्कळ असूनही त्यांच्या आजोबांना कोणी विचारले नव्हते. तेव्हा अनेक पक्ष असले की सारे आपोआप होते, असा माझा दावा नाही. एवढेच म्हणणे आहे, की आपल्याकडे त्या गावांसाठी मोर्चा काढता आला, सभागृहात प्रश्न विचारता आला, आणि ते सरकार पाडू अशी भाषा कोणाला तरी उघडपणे बोलता आली. १९७५ साली आपल्याकडेही आणीबाणीत तोंडे बंद झाली होती. पण १९७७ च्या मार्चमध्ये मतपत्रिकेवर दुसऱ्या पक्षाचे चिन्ह होते. तो दुसरा पक्ष चांगला निघाला की वाईट, हा निराळा विषय आहे. चिन्ह होते. १९७५ च्या टांझानियात ते नव्हते.

नुसत्या नकारात केवढे बळ असते ते पाहायचे असेल तर पुन्हा रशियाकडेच जावे लागते. २६ मार्च १९८९ च्या निवडणुकीत लेनिनग्राड प्रांताचे पक्षप्रमुख युरी सोलोव्योव एकटेच उभे होते. विरोधात कोणीही नाही. मतदारांनी पडद्याआड जाऊन त्यांचे नाव खोडले, निम्म्याहून अधिक मतपत्रिकांवर खोडले, आणि एकटा उभा राहिलेला माणूस हरला. एक्कावन्न वर्षे जी रेघ ओढायला लोक भीत होते तीच रेघ. इतके दिवस आपण ज्या पद्धतीला हसतो तिच्या पोटात हे कलम पहिल्यापासून होते. ते वापरायची भीती तेवढी जायची होती.

टांझानियात शेवट असा नाट्यमय झाला नाही. १९९० पासून खुद्द न्येरेरेच अनेक पक्षांविषयी बोलायला हरकत नाही असे उघडपणे म्हणू लागले. १९९१ साली सरन्यायाधीश फ्रान्सिस न्यलाली यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला आणि त्याने देशभर हिंडून लोकांचे मत घेतले. शंभरातल्या सुमारे ऐंशी लोकांनी सांगितले, एकच पक्ष राहू द्या. तरीही आयोगाने शिफारस केली ती अनेक पक्षांची, आणि १९९२ मध्ये कायदा बदलला.

हे वाचून आमच्या वर्गात मोठा वाद झाला. बहुमताविरुद्ध जाऊन लोकशाही आणायची, ही कोणती लोकशाही, असे बरेच जण म्हणाले. मी विरुद्ध बाजूने बोलले, आणि ते मत आजही बदललेले नाही. ऐंशी जणांना एक पक्ष हवा असेल तर त्यांनी त्याच पक्षाला मत द्यावे. कायद्याने त्यांचे काही अडत नाही. कायदा लागतो तो उरलेल्या वीस जणांना. १९९५ च्या पहिल्या बहुपक्षीय निवडणुकीत झालेही तसेच. जुनाच पक्ष जिंकला, त्याचे बेंजामिन म्कापा शेकडा ६२ च्या आसपास मते घेऊन राष्ट्राध्यक्ष झाले. पण उरलेली ३८ टक्के माणसे काही त्या वर्षी आकाशातून पडली नव्हती. ती पाच वर्षांपूर्वीही त्याच खेड्यांत राहत होती आणि कुदळ की घर यावर खूण करीत होती.

तो पक्ष त्यानंतर कधी हरला नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात तिथे पुन्हा निवडणूक झाली. मतपत्रिकेवर पक्ष पुष्कळ होते, परंतु चाडेमा हा मुख्य विरोधी पक्ष आधीच बाद करण्यात आला होता आणि त्याचे पुढारी टुंडू लिस्सू राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात होते. मतदानाच्या दिवशी निदर्शने झाली, गोळीबार झाला, इंटरनेट बंद करण्यात आले. राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन यांना जवळजवळ ९८ टक्के मते मिळाल्याचे जाहीर झाले. म्वालिमूंना १९६५ मध्ये एकट्याने उभे राहून मिळाली होती त्याहूनही जास्त. आणि त्या १९६५ मध्ये निदान अर्थमंत्री तरी पडले होते.